नळीतला उजेड

१

त्या दुपारी दिवा सगळा वेळ चालू होता की नाही, हे मला आज शपथेवर सांगता येणार नाही. माझ्या आठवणीत तो चालू आहे. पण माझ्या आठवणीत आमच्या जुन्या घराचा जिनाही डाव्या हाताला आहे, आणि परवा फोटो सापडला त्यात तो उजव्या हाताला निघाला. तेव्हा माझ्या स्मरणशक्तीवर किती विसंबायचं, ते वाचणाऱ्याने ठरवावं. मी आपला जे आठवतं ते आठवतं तसं सांगतो, आणि शेवटी जे पडताळून पाहिलं ते वेगळं सांगतो.

मी आयुष्यभर धातुशास्त्र शिकवलं आणि त्याच्या जोडीने बंदुकांची पारख केली. कधी कोर्टासाठी, कधी विमा कंपनीसाठी, बरेचदा दुकानदारांसाठी. हे काम वाटतं तितकं थरारक नाही. प्रश्न दोनच असतात: हिची किंमत काय आणि हिचा भरवसा किती. मी दोन्हींची उत्तरं देत आलो आणि प्रत्येक उत्तर दिल्यावर रात्री अंथरुणात पडून ते परत तपासत आलो. माझी बायको म्हणायची, "तुम्ही स्वतःच्या सहीखालीसुद्धा प्रश्नचिन्ह काढाल."

२

माझा मेहुणा, म्हणजे धाकट्या बहिणीचा नवरा, दातांचा डॉक्टर होता. सुट्टीच्या दिवशी क्लबात जाऊन हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या फोडायचा त्याला नाद होता. त्याची बंदूक छर्‍याची, अर्धस्वयंचलित. म्हणजे एकदा झाडली की रिकामं काडतूस स्वतः बाहेर टाकणारी, पुढचं स्वतः चढवणारी आणि मग चापावरच्या बोटाची वाट बघत बसणारी. कंपनीने ते मॉडेल थोडाच काळ काढलं आणि बंद केलं. का, ते सांगितलं नाही. मेहुण्याला त्याचं फार कौतुक. जेवण झालं की नळी काढून खिडकीकडे रोखायचा आणि एक डोळा मिटून बघत बसायचा.

"दिवसभर लोकांच्या तोंडात बघून तुझं पोट भरत नाही का?" मी विचारायचो.

"दादा, ही आ करून बसते आणि बडबड करत नाही," तो म्हणायचा. "असा पेशंट मला आयुष्यात मिळाला नाही."

तो त्याच बंदुकीने गेला. भर दुपारी, घरातल्या आतल्या खोलीत, जिथे बंदुकीचं कपाट होतं. त्या खोलीला खिडकी नाही, आणि तिथला बल्ब गेलेला होता.

सगळा घोळ त्या बल्बचा. अपघात म्हणावा तर अंधारात बंदूक साफ कोण करतं? माझ्या बहिणीच्या दिराने हे तिच्या तोंडावर विचारलं. "वहिनी, राग मानू नका, पण अंधारात माणूस काय करायला जातो?" वर मेहुण्याचा चष्मा फळीवर नीट घडी घालून ठेवलेला सापडला. असा चष्मा काढून ठेवणं म्हणजे काय, हे प्रत्येक जण आपापल्या परीने समजला.

माझी बहीण, तिला घरात आम्ही चिमी म्हणतो, माझ्याकडे आली तेव्हा रडत नव्हती. पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती.

"दादा, मी स्वयंपाकघरातून ओरडले, बॅटरी देऊ का? तर आतून म्हणाले, नको, छान दिसतंय मला. दीर म्हणतात, त्यांना कोणी आत यायला नको होतं, म्हणून तसं म्हणाले."

"तुला काय वाटतं?"

"आवाज खूश होता रे. एखाद्या लहान मुलासारखा. आता मला तोच आवाज नको झालाय. मरायला निघालेला माणूस खुशीत बायकोशी खोटं बोलला असेल, तर पंचवीस वर्षं मी कोणाबरोबर राहिले?" मग ती म्हणाली, "बंदूक दुकानात दिलीये विकायला. दुकानदार म्हणतो, तुझी पारख लागेल. तू बघ आणि मला एवढंच सांग, ती आपली आपण उडू शकते का? हो किंवा नाही. तुझं ते 'एका अर्थी' वगैरे नको."

नातलगाने पारख करू नये, हा साधा नियम आहे. मी तो तिला सांगितला. तिने पर्समधून दुकानाची पावती काढून पुढे केली, आणि मी हो म्हणालो.

३

दुकानाच्या मागे तपासणीची खोली होती. पोलादी दार, खिडकी नाही, चुन्याच्या भिंती. जमिनीला बोल्टने जखडलेलं टेबल, त्याच्यामागे खुर्ची, आणि खुर्चीच्या मागे, माझ्या डाव्या खांद्याच्या वर, भिंतीवर पिवळा दिवा. छतापाशी जाळीत बसवलेला हवा ओढणारा पंखा. दाराखाली बोटभर फट. दाराशेजारी घंटेचं बटण, जी घंटा बाहेर दुकानात वाजे, आत ऐकू येत नसे.

परवान्याची अट अशी की आत दुसऱ्याची बंदूक उघडलेली असताना दार बाहेरून कुलूपबंद पाहिजे आणि किल्ली फक्त परवानाधारकाच्या खिशात. मी त्या खोलीत अनेकदा कोंडून घेतलेलं होतं. दरवेळी कुलूप फिरल्याचा आवाज आला की मी स्वतःला समजावत असे की कोंडलेली बंदूक आहे, मी नव्हे.

दुकानदार गोल चेहऱ्याचा, बोलघेवडा माणूस. "सर, परवाना कचेरीत जाऊन येतो. तोवर तुम्ही आणि ही. बायको बाहेर काउंटरवर आहे, पण किल्ली तिला देता येत नाही. कायदा! नाहीतर घरात माझी एक तरी किल्ली माझ्याकडे आहे का?"

"अहो, ऐकतेय मी," बाहेरून आवाज आला.

"बघा. आणि सर, पंख्याचा भरवसा नाही हं. त्याच्या मनात आलं की थांबतो. घाबरू नका. भाव जरा बरा लावा. बंद झालेलं मॉडेल आहे, एक हौशी गिऱ्हाईक केव्हाचं मागे लागलंय."

"बंद झालेलं म्हणजे दुर्मिळ असेल, चांगलं असेलच असं नाही."

"गिऱ्हाइकाला तेवढा फरक कळला असता तर मी दुकान कशाला उघडलं असतं?" तो हसला, दार ओढलं, आणि कुलूप फिरलं.

४

माझी पद्धत ठरलेली आहे. आधी नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट मागे ओढून चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती पोकळी, बघायचं. मग डोळ्यावर विश्वास न ठेवता करंगळी आत घालून चाचपायचं, कारण डोळा जे बघायचं असतं ते बघतो. बोट बिचारं जे लागेल तेच सांगतं. चेंबर रिकामं होतं. काडतुसांची नळीही रिकामी होती. मग मी बंदूक उघडली, पुढची लाकडी मूठ उतरवली, नळी वेगळी केली.

याच सुमारास पंखा थांबला. दुकानदाराचं बोलणं आठवून मी हसलोही. जरा वेळाने मानेवर घाम आला तेव्हा हसू गेलं. पंख्याच्या आवाजाखाली इतका वेळ दुसरी कुठली शांतता होती, ते आता कळलं. माझा श्वास, खुर्चीची कुरकुर, आणि मधूनमधून तेल लावलेल्या पोलादाचा तो बारीकसा चट् आवाज, तापमान बदललं की येतो तो.

कामाला मात्र उजेड झकास होता. याबद्दल माझ्या मनात तेव्हा कौतुकच होतं. लाकडी मुठीच्या आतल्या बाजूला कारखान्याच्या माणसाने खिळ्याने कोरल्यासारखा बारीक आकडा होता, तोही मी भिंगाशिवाय वाचला. चेंबरच्या तोंडाशी केसाएवढा एक ओरखडा होता, तो नोंदला. स्प्रिंग ताजी, चापाची ओढ भारी आणि सरळ, सेफ्टी घट्ट. घोडा ज्या खाचेवर अडतो ती खाच नव्या नाण्यासारखी धारदार. म्हणजे बंदूक उत्तम होती. प्रत्येक मोजमापाबरोबर मी चिमीपासून लांब लांब जात होतो, आणि थांबता येत नव्हतं. मला एक झिजलेली खाच हवी होती. एखादा तडा, एखादी आळशी स्प्रिंग, काहीही. बंदूक मला काही देईना.

मग एक गोष्ट दिसली. माप घ्यायची कॅलिपर मी टेबलावर उभी धरली होती आणि तिची सावली माझ्या सदऱ्यावर पडली होती.

दिवा माझ्या मागे होता. सावली पुढे पडायला हवी, टेबलावर. मी कॅलिपर हलवली. सदऱ्यावर, दुसऱ्या गुंडीजवळ, सावली हलली. समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून उजेड परततो आहे, असं मी ठरवलं. भौतिकशास्त्र मला येतं. परतलेला उजेड इतकी कडक सावली पाडत नाही, हेही मला येतं. पण मी ठरवलं, आणि पुढे गेलो. मागे वळून दिव्याकडे बघितलं का? बघितलं असेल. आठवत नाही. एवढं आठवतं की एकदा मी मोठ्याने काहीतरी बोललो. एकटा असलो की मी बोलतो, म्हातारपणाची खोड आहे.

नळीतून बघायचं राहिलं होतं. नळी डोळ्याला लावून भिंतीकडे रोखायची, आत उजेडाची एकात एक कडी दिसतात. कडं कुठे मोडलं असेल तर तिथे पोचा. ही कडी इतकी सुबक होती की मी बघतच राहिलो. बराच वेळ. नळी खाली घेतली तेव्हा कळलं, मी ती भिंतीकडे नाही, टेबलाखालच्या काळ्या लाकडी पेटीकडे रोखून धरली होती.

५

मी बंदूक परत जोडली. आता शेवटची चाचणी, चिमीच्या प्रश्नाची. रिकाम्या बंदुकीचा घोडा चढवायचा आणि दस्त्याला, बाजूंना, रबरी हातोडीने ठोके द्यायचे. बंदूक आपली आपण उडणारी असेल तर यात घोडा पडतो.

मी ठोकलं. हलकं, मग जोरात, मग रागाने. पड, म्हणालो, पड ना एकदा. घोडा जागचा हलला नाही.

मग मी बंदूक टेबलावरच्या दोन खाचांच्या ठोकळ्यांवर आडवी ठेवली, बोल्ट बंद, घोडा चढलेला, तोंड दाराकडे. मला आता बाहेर पडायचं होतं. सदरा पाठीला चिकटला होता. दाराशी जाऊन घंटेचं बटण दाबलं. वाजली की नाही कळायला मार्ग नव्हता. परत दाबलं, दाबून धरलं. मग दारावर थापा मारल्या. पोलाद जाड होतं. थापांचा आवाज माझ्याच तळहातात जिरला.

मागे वळलो.

बंदुकीचं तोंड माझ्याकडे होतं आणि त्यात उजेड होता.

बोल्ट बंद असला की नळी मागून बुजलेली असते. समोरून बघणाऱ्याला काळं भोक दिसतं, दुसरं काही दिसू शकत नाही. मी स्वतःशी कारणं मांडली. बोल्ट पूर्ण बसला नसेल. मी बाजूने जाऊन बघितलं. बसला होता, बोटाने चाचपलं, फट नव्हती. दिव्याचा उजेड तोंडातून आत जाऊन परतत असेल. मग मी मध्ये हात धरला. हाताची सावली नळीत पडली नाही. नळीतला उजेड माझ्या तळहातावर पडला, गोल, शांत, ऊब नसलेला.

मला भीती वाटायला हवी होती. लोक विचारतील म्हणून सांगतो: नाही वाटली. बरं वाटलं. त्या कोंदट खोलीत तेवढी एकच जागा मोकळी होती. खिडकी उघडावी तशी. मला वाटलं, यात बघितलं की सगळं कळेल. आणि लगेच वाटलं, नीट बघायचं तर चष्मा आड येतो.

६

आत कडी होती, एकात एक, लांबवर गेलेली. नळीच्या लांबीपेक्षा पुष्कळ लांब. टोकाला बटणाएवढं पांढरं गोल. तिथे काहीतरी होतं, एखादी खोली असावी तसं, पण कडेने कापलेलं, आणि मी जरा पुढे झालो.

भोकातून बघताना पलीकडचा माणूस आपल्याला जागा करून देतो, डोळा बाजूला घेतो, तेव्हा आधी अंधारल्यासारखं होतं आणि मग उजेड येतो. तसं झालं. कोणीतरी आत्ताच बाजूला सरकलं. मला बघता यावं म्हणून. सभ्यपणे.

खट्.

घोडा पडला होता. त्याच क्षणी डोक्यावर पंखा घरघरला. समोर बंदुकीचं तोंड होतं, काळं, माझ्या पापणीला गार लागत होतं. भिंतीवर पिवळा दिवा होता. मी गुडघ्यांवर होतो. माझा उजवा हात बंदुकीवरून लांब पुढे गेलेला होता. कुठपर्यंत, ते मला तिथून दिसत नव्हतं, आणि मी तो इतक्या घाईने मागे घेतला की नंतरही सांगता आलं नसतं.

कुलूप फिरलं तेव्हा मी तसाच बसलेलो होतो.

"अरे देवा," दुकानदार म्हणाला. "सर, चक्कर आली का? कचेरीत फार वेळ मोडला हो, माफ करा." त्याने मला धरून उठवलं. "चष्मा कुठंय तुमचा?"

तो टेबलाच्या कडेला होता. घडी घालून, नीट ठेवलेला.

७

नंतर दुकानदाराला समोर उभं करून मी ठोक्यांची चाचणी पुन्हा केली. घोडा पडला नाही. माणूस नेमून दुसऱ्या दिवशी पुन्हा करवली. नाही पडला.

मग मी कसल्या तोंडाने लिहू की एकदा पडला होता? तेव्हा चापावर माझा हात नव्हता, हे मला ठाऊक असतं तर लिहिलं असतं. ठाऊक नव्हतं. जे मोजलं ते लिहिलं: यंत्र निर्दोष, भरवसा पूर्ण. किमतीच्या जागी शून्य लिहिलं, सुटे भाग मिळत नाहीत म्हणून. ते खोटं नव्हतं, पण कारणही ते नव्हतं. दुकानदाराने कपाळाला हात लावला. बहिणीच्या संमतीने बंदूक कापून मोडीत घातली. मी समोर उभा राहून कापून घेतली, दुसरीकडे बघत.

चिमीला मी घरी जाऊन सांगितलं. "दोष सापडला नाही."

"म्हणजे नाही."

"एका अर्थी—"

"दादा."

"नाही," मी म्हणालो.

तिने मान हलवली, उठली, कप विसळायला घेतले. त्यानंतर ती त्या विषयावर कधी बोलली नाही. ते घर तिने सोडलं. नव्या जागेत नवऱ्याचा एकही फोटो लावला नाही. फोन करायची, तब्येत विचारायची, माझं पथ्य विचारायची. आम्ही दोघं त्या एका 'नाही'च्या आत राहत होतो, आणि त्याला बाहेरून कुलूप होतं.

मी मात्र अधूनमधून त्या अहवालाची प्रत काढून वाचत असे. ओरखडा, आकडा, खाच. सगळं बरोबर होतं. बंदूक कापणाऱ्यानेही आकडा वाचून दाखवला होता, त्यासाठी त्याला भिंग घ्यावं लागलं होतं.

८

पुढे बऱ्याच वर्षांनी डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून बसलो होतो. शेजारी कोणीतरी म्हणालं, "आवाज ओळखीचा वाटतोय. प्रोफेसर ना?" दुकानदार होता, आणि पलीकडे त्याची बायको. आम्ही तिघं बुबुळं फाकलेले, एकमेकांना धूसर दिसणारे. दुकान त्याने केव्हाच विकलं होतं.

"तुम्हाला कोंडल्याचं मला अजून वाईट वाटतं," तो म्हणाला. "तेही लाईट नसताना."

"लाईट होती," मी म्हणालो.

"कुठली? मी कुलूप लावून रस्त्यावर आलो आणि गेलीच. सगळ्या रस्त्याची. कचेरीतही तेच, म्हणून तर उशीर झाला. मी परत दुकानात पाऊल टाकलं तेव्हा आली. तुम्हाला म्हटलं नाही, उगाच तुमचा पारा चढायचा."

"पंखा थांबला होता. तुम्हीच म्हणाला होतात, पंख्याचा भरवसा—"

"अहो, मी काउंटरवर मेणबत्ती लावून बसले होते," बायको म्हणाली. "मला तुमची काळजी वाटली. दाराच्या फटीशी वाकून विचारलंसुद्धा, की सर, मेणबत्ती आणि काडेपेटी सरकवू का आत? तर तुम्ही नको म्हणालात. उजेड आहे, असं काहीतरी. मी म्हटलं, बॅटरी आणली असेल बरोबर."

मी बॅटरी नेली नव्हती. तिचा प्रश्न मला आठवत नव्हता, आणि आजही आठवत नाही.

घरी आल्यावर मी चिमीला फोन केला. सगळं सांगितलं, सावलीपासून चष्म्यापर्यंत, इतकी वर्षं कोणाला न सांगितलेलं. 

मग ती म्हणाली, "तू नेमकं काय म्हणालास? शब्द काय होते?"

"उजेड आहे, असं काहीतरी."

"असं काहीतरी नको. विचारून ये."

मी विचारून आलो. दुकानदाराच्या बायकोने दारातच, ओल्या हातांनी, जरा आठवून सांगितलं. मी सुचवलं नाही. तिला दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा तिने तेच सांगितलं. तुमचा आवाज अगदी खुशीत होता, म्हणाली. म्हणून तर लक्षात राहिलं. शब्द होते: "नको, छान दिसतंय मला."